खेळण्यांतील मोटारींचा मुलामा

ताथवडे हें गांव आतां बहुतेक नांवापुरतेंच गांव उरलें आहे. मुंबई-बंगळूर महामार्गालगतच्या उंच इमारती, अभियांत्रिकी महाविद्यालयें आणि पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेले मोटारींचे कारखाने यांमुळें येथील पुष्कळ घरांत एखादे तरी चिरंजीव मोटारींच्या विद्येंत बुडालेले आढळतात. अशा घरच्या फडताळावर प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून केलेली लहानशी मोटार दिसली तर नवल नाहीं. इंग्लंडांत एअरफिक्स मंडळीनें १९४९ सालीं फर्ग्युसन ट्रॅक्टरचा असा संच काढला, तेव्हांपासून हा छंद जगभर पसरला आहे. जुना रंग वा चकचकीत मुलामा उतरवून नवा देणें हें त्यांतील नेहमींचें काम. त्यास लागणाऱ्या वस्तु बहुधा मोरींत, औषधांच्या कपाटांत व गॅरेजांत आधींच असतात. आणि त्यांतील कांहीं एकत्र आल्या तर जिवावर बेततात. म्हणून घरांतील वडील माणसांनींही हें प्रकरण समजून घ्यावें असें आम्हांस वाटतें.

या संचांतील बंपर, पुढची जाळी, चाकांच्या तबकड्या यांस ‘क्रोम’ म्हणतात खरें, पण त्यांत क्रोमियम बहुधा नसतेंच! पॉलिस्टायरीनच्या भागावर प्रथम वार्निशाचा हात देतात. मग निर्वात पेटींत अॅल्युमिनियमची वाफ करून तिचा थर त्यावर बसवितात. हा थर मिलिमीटरच्या दहा-हजाराव्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे पितळी पातेल्याच्या कल्हईहूनही कितीतरी पातळ असतो. तो दिसतो छान, पण सांध्यांत आड येतो. या छंदांतील गोंद प्लॅस्टिक किंचित् विरघळवून दोन भाग एकजीव करतो. मध्यें धातु असली म्हणजे सांधा धरतच नाहीं. शिवाय भाग चौकटीपासून कापतांच तेथें उघडा डाग पडतो, तो निराळाच.

अॅल्युमिनियम अल्कलीपुढें टिकत नाहीं. कपडे शुभ्र करण्याच्या द्रवरूप ब्लीचमध्यें थोडा अल्कली असतोच. त्यांत भाग बुडवून ठेवला कीं मुलामा कोठें पांच मिनिटांत, कोठें तासाभरानें नाहींसा होतो. भांडें कांचेचें वा प्लॅस्टिकचें घ्यावें. अॅल्युमिनियमचें पातेलें घेतल्यास खेळण्याबरोबर पातेल्यावरही तोच प्रयोग होईल. झांकण घट्ट लावूं नये, कारण या क्रियेंत वायु सुटतो. मुलामा गेला तरी खालचें वार्निश राहतेंच. त्यास आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे दवाखान्यांत कातडी पुसावयास वापरतात तें, घेऊन मऊ ब्रशनें घासावें. अॅक्रिलिक रंगही बहुधा यानेंच निघतो. एनॅमल रंग अधिक चिवट; तेथें पुष्कळ हौशी मंडळी मोटारीचें ब्रेक ऑइल वापरतात. मोटारीच्या अंगावर तें सांडलें तर रंगाचें काय होतें, हें येथल्या कोणत्याही मेस्त्रीस विचारावें! मात्र खिडक्यांचे पारदर्शक भाग यांपैकीं कशांतही घालूं नयेत; त्यांवर बारीक चिरा पडतात. नखांचा रंग काढावयाचें अॅसिटोन व रंगाऱ्याचा थिनर तर प्लॅस्टिकच विरघळवितात, आणि उकळत्या पाण्यांत भाग वांकडे होतात. प्रत्येक नवा द्रव आधीं टाकाऊ चौकटीच्या तुकड्यावर लावून पाहावा.

आतां मुख्य गोष्ट. संडास धुण्याच्या आम्लाशीं ब्लीच मिसळलें तर क्लोरीन सुटतो. अमोनियाशीं मिसळलें तरी विषारी वायु होतो. अल्कोहोलाशींही त्याचें जमत नाहीं. पाणी शुद्ध करण्याची ब्लीचिंग पावडर व ब्रेक ऑइल एकत्र आलीं तर आगही लागूं शकते. इमारतीच्या तळघरांत ह्या दोन्ही वस्तु एकाच फळीवर असणें अशक्य नाहीं. तेव्हां एक द्रव वापरून झाला कीं भाग व भांडें साबणाच्या पाण्यानें स्वच्छ धुवून मगच दुसरा घ्यावा. काम गच्चींत करावें, हातमोजे व चष्मा वापरावा, आणि घरांतील रांगतें मूल आजींच्या स्वाधीन करावें.

खऱ्या मोटारीचें प्लॅस्टिकचें नांव-चिन्ह खरवडावयास कोणी निघेल, तर त्याची गोष्ट वेगळी. तें ए.बी.एस. जातीचें असून त्यावर तांबें, निकेल व शेवटीं खरेंखुरें क्रोमियम विजेच्या साह्यानें चढविलेलें असतें. पूर्वी प्रायः क्रोमिक आम्लानें प्लॅस्टिकमधील रबराचे कण खाऊन त्या खळग्यांत धातु रोंवीत. अजूनही अनेक ठिकाणीं ही रीति चालते. तें आम्ल कर्करोगास कारण होतें, म्हणून युरोपांत त्यावर निर्बंध आले आहेत. असला मुलामा ब्लीचला दाद देत नाहीं. तो कारखान्यांतच उतरवावा.

वापरलेलें ब्रेक ऑइल मोरींत ओतूं नये. पवना येथून लांब नाहीं. बाटलींत भरून, वर चिठ्ठी चिकटवून, जुनें तेल गोळा करणाऱ्या गॅरेजांत द्यावें. धुतलेले भाग रात्रभर वाळूं द्यावेत, आणि अस्तराचा रंग दुसऱ्या दिवशीं मारावा.