तस्करीच्या खटल्यांत कुठे अडतं?

अमेरिकेने २००० साली मानवी तस्करीविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. पण कायदा झाला म्हणजे न्याय मिळतो असं नाही. नेमकं कुठे अडतं हे शोधण्यासाठी तिथल्या न्याय खात्याची ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिस’ ही संस्था विद्यापीठांना आणि संशोधन संस्थांना अनुदान देते. संशोधकांनी अर्ज करायचा, तज्ज्ञांनी तो तपासायचा, अशी पद्धत.

या पैशातून २०१२ साली आलेला एक अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. संशोधकांनी पोलिसांच्या फायली उघडल्या, तपास अधिकारी आणि सरकारी वकिलांना भेटले. दिसलं ते असं: पीडितेलाच कधी वेश्याव्यवसायाच्या गुन्ह्यात अटक होते, वकील नवा, अपरिचित कायदा टाळून जुनीच कलमं लावतात, आणि शेतात, घरकामात वेठीला धरलेले मजूर तर पोलिसांच्या नजरेलाच पडत नाहीत.

वेठमजुरीवरच्या २०१४च्या अभ्यासात ७१ टक्के पीडित रीतसर व्हिसावर आलेले निघाले. म्हणजे फक्त सीमेवर पहारा ठेवून भागणार नाही; दलाल आणि मालक यांच्याकडे पाहायला हवं. हे आपल्यालाही लागू आहे. कॅटरिना वादळानंतर मिसिसिपीत नेलेल्या भारतीय वेल्डर-फिटरांनी दलालांना हजारो डॉलर मोजले होते. त्यांतल्या पाच जणांना २०१५ साली न्यू ऑर्लिन्सच्या ज्यूरीने सुमारे १.४ कोटी डॉलर भरपाई मंजूर केली.