इंजिन खोलायचंय? आधी मोजायला शिका!

गॅरेज नाही, लिफ्ट नाही, हाताखाली पोऱ्याही नाही. तरी जुन्या जिप्सीचं इंजिन घरच्या पोर्चमध्ये नव्याने बांधता येतं. पाना फिरवणं त्यातलं सर्वांत सोपं काम आहे!

नवी गाडी बुक करायला हल्ली पाच मिनिटं पुरतात. रंग निवडा, ईएमआय ठरवा, झालं! पण शहरात काही अवलियांचा शनिवार-रविवार मॉलमध्ये नाही, तर ऑईलने माखलेल्या बर्म्युडात, जुन्या फोर-बाय-फोरच्या बॉनेटखाली डोकं घालून जातो. त्यांना विचारलं, 'एवढा खटाटोप कशाला?' तर उत्तर एकच, 'एकदा खोलून बघ, मग कळेल!'

या मंडळींची लाडकी म्हणजे मारुती जिप्सी. डिसेंबर १९८५ मध्ये ती ९७० सीसीचं इंजिन घेऊन आली. १९९६ मध्ये १२९८ सीसीची 'जिप्सी किंग' आली. लष्कर, पोलीस, रॅलीवाले, जंगल सफारी... सगळीकडे ती रुळली. २०१९ मध्ये सुरक्षेचे नवे नियम आले आणि मारुतीने तिला बाजारातून निरोप दिला. म्हणजे आता जी जिप्सी भंगारात जाते, ती कायमचीच जाते.

'विकून टाक!'

माझ्या कॉलेजातल्या एका मित्राच्या घरी १९९८ची जिप्सी किंग आहे. हा हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टर. वडील पिंपरीच्या एका कारखान्यातल्या टूलरूममधून निवृत्त झालेले. गाडी त्यांनीच घेतलेली. पण ती निळा धूर ओकायला लागली, हजार किलोमीटरमध्ये लिटरभर ऑईल प्यायला लागली आणि पीयूसीत नापास झाली. रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण जवळ आलेलं. भंगारवाला घरी येऊन आकडा सांगून गेला. बाबा म्हणाले, 'विकून टाक.' एवढं बोलून ते आत गेले आणि दोन दिवस गाडीकडे फिरकलेच नाहीत. मित्राने तेव्हाच ठरवलं, एकदा प्रयत्न करायचा. आईने मात्र डेडलाइन दिली, दिवाळीआधी पोर्च रिकामा!

ओळखीच्या मिस्त्रीने बॉनेट उघडायच्या आधीच निदान केलं. 'नुसत्या रिंगा बदलू, परवा गाडी घेऊन जा.' स्वस्त आणि झटपट. कुणालाही पटेल असंच.

चमचाभर ऑईलची टेस्ट

पण मित्र पडला टेस्टर! पुराव्याशिवाय बग मान्य करायचा नाही ही त्याची सवय. त्याने कॉम्प्रेशन गेज आणला. इंजिन गरम करायचं, चारही प्लग काढायचे, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायचा आणि प्रत्येक सिलिंडरचा दाब लिहून ठेवायचा. तीन सिलिंडर बरे निघाले, तिसऱ्या नंबरचा पार बसलेला. मग त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल सोडून पुन्हा तीच टेस्ट. ऑईलमुळे दाब वाढला तर गळती पिस्टन-रिंगांच्या बाजूची, कारण ते ऑईल थोडा वेळ फट बुजवतं. वाढला नाही तर संशय व्हॉल्व्हवर किंवा हेड गॅस्केटवर. इथे दाब चांगलाच वाढला. म्हणजे मिस्त्री बरोबर?

अर्धाच. रिंगा झिजल्या होत्या हे खरं. पण रिंग जिच्यावर घासते, त्या सिलिंडरच्या भिंतीचं काय? त्यासाठी इंजिन उतरवणं भाग होतं. तीन पायांचा लोखंडी स्टॅन्ड आणि चेन-पुली भाड्याने आणली, दोन मित्रांना मिसळीचं आमिष दाखवलं आणि एका रविवारी इंजिन बाहेर आलं.

बाबांची एन्ट्री

हेड निघालं, संप निघाला, पिस्टन निघाले. आणि इतके दिवस खिडकीतूनच बघणारे बाबा कपाटातून लाकडी पेटी घेऊन बाहेर आले. आत मायक्रोमीटर आणि डायल बोअर गेज, तेल लावून फडक्यात गुंडाळून ठेवलेले. हातही न थरथरता त्यांनी गेज सिलिंडरमध्ये सोडला. वर, मध्ये, खाली. प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी. एका सिलिंडरची सहा मापं, चारांची चोवीस. मुलगा लॅपटॉपवर आकडे भरायला लागला तर म्हणाले, 'शीट नंतर. आधी परत मोज.'

जिप्सी किंगचं सिलिंडर नवं असताना ७४ मिलिमीटर व्यासाचं असतं. पिस्टन वर-खाली करताना दोन बाजूंना जास्त रेलतो, आणि वरच्या टोकाला उष्णता जास्त, तेल कमी. त्यामुळे सिलिंडर वरच्या बाजूला जास्त झिजतं आणि हळूहळू अंडाकृती होतं. तिसऱ्या सिलिंडरचं नेमकं हेच झालं होतं. डोळ्यांना ते गोल दिसत होतं, बोटाला गुळगुळीत लागत होतं. फक्त गेज 'नाही' म्हणत होता. गोल रिंग अंडाकृती भोकात बसवली तर फट राहणारच. धूर थोडे दिवस थांबला असता, मग परत सुरू. खर्च दोनदा!

घरच्या कामातली खरी गंमत इथेच आहे, दोस्तहो. सगळं स्वतःच्या हाताने केलंच पाहिजे असं नाही. पण निर्णय स्वतःच्या मापावर घेता येतो.

घरी काय, बाहेर काय?

बोअरिंग आणि होनिंग घरी होत नाही, त्यासाठी मशिन शॉप गाठावंच लागतं. पण क्रम महत्त्वाचा. आधी नाना पेठेत जाऊन ओव्हरसाईज पिस्टन आणि रिंगा घ्यायच्या, आणि मग ब्लॉक त्या पिस्टनसकट शॉपमध्ये द्यायचा. पिस्टन आणि भिंत यांच्यात जागा ठेवायची ती मिलिमीटरच्या काही शतांश एवढी, म्हणजे केसापेक्षाही कमी! ती हातातल्या पिस्टनवरूनच ठरते.

ब्लॉक परत आला की सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत मोलाचं काम, धुणं! होनिंगची बारीक भुकटी आत राहिली तर नव्या रिंगा ती खाऊन टाकते. गरम पाणी, साबण, ब्रश आणि पांढरं फडकं. फडकं पांढरंच निघेपर्यंत थांबायचं नाही. आणि वाळताक्षणी ऑईलचा हात, नाहीतर तासाभरात गंज.

जोडणी पुन्हा मापाचीच. प्रत्येक रिंग सिलिंडरमध्ये ठेवून तिच्या टोकांमधली फट फिलर गेजने तपासायची. रिंगांच्या फटी एका रेषेत येऊ द्यायच्या नाहीत. हेडचे बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचनेच. इथे 'अनडू'चं बटण नसतं.

पाच वीकेण्ड ठरले होते, अकरा लागले. पण दिवाळीच्या आधल्या रविवारी प्लग काढून स्टार्टर मारला, ऑईलचा लाल दिवा विझला, मग प्लग लावून किल्ली फिरवली. सुरुवातीला साठलेल्या तेलाचा पांढुरका धूर आला आणि ओसरला. निळा धूर नाही! बाबा सायलेन्सरपाशी रुमाल धरून उभे होते. रुमालाला तेलाचा डाग नाही असं बघितलं, घडी घातली आणि म्हणाले, 'टॅपेट कव्हरमधून थेंब येतोय. गॅस्केट बदल.'

पीयूसी पास झाली. आता बाप-लेक गिअरबॉक्सकडे संशयाने बघतायत!

करायचंच ठरवलं तर...

• सर्व्हिस मॅन्युअल आधी मिळवा. झिजेची मर्यादा आणि टॉर्कचे आकडे त्यातलेच घ्या, ऐकीव नकोत.

• खोलताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. नट-बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत, नाव लिहून.

• बेअरिंगच्या कॅप कधीही अदलाबदल करू नका. नंबर आणि दिशा, दोन्हींची खूण करा.

• चेन-पुली स्लॅबच्या पंख्याच्या हुकाला टांगू नका. लटकत्या इंजिनाखाली हात-पाय नकोत.

• तोच ब्लॉक बोअर केला तर इंजिन नंबर तोच राहतो. दुसरा ब्लॉक बसवलात तर आरटीओत नोंद करावीच लागते.

• पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी नवं करावं लागतं. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या कारसाठी त्याची फी दहा हजार रुपये झाली. पर्यावरण कर वेगळा. बजेटमध्ये हे धराच.

• नवं इंजिन पहिले हजार किलोमीटर जपून चालवा. एकाच वेगात ताणू नका, लोड टाकू नका आणि पहिलं ऑईल लवकर बदला.