सुरी शस्त्र कधी होते?

‘तरुणाकडे धारदार सुरा सापडला; हत्यार कायदा कलम ४, २५ आणि महाराष्ट्र पोलीस कायदा कलम ३७(१) सह १३५ अन्वये गुन्हा दाखल.’ अशी बातमी पेपरात नेहमी असते आणि आपण आकडे ओलांडून पुढे जातो. त्या आकड्यांत डोकावलं तर मात्र कायद्यानं लोखंडाचा किती बारकाईनं विचार केलाय ते दिसतं.

१९५९ च्या हत्यार कायद्याखालच्या नियमांनी तलवार, खंजीर, भाला यांच्या पंगतीला सुरीही बसवली आहे. माप असं: पातं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद. फूटपट्टी लावली की निकाल, असं वाटतं. पण खाटकाचा सत्तूर काही २ इंचांत मावत नाही. मग सगळे खाटीक आरोपी? नाही, कारण त्याच नोंदीत सूट आहे: घरकाम, शेती, विज्ञान किंवा उद्योग यांसाठी घडवलेली हत्यारं यात धरायची नाहीत. म्हणजे पट्टी लावण्याआधी कायदा जणू लोहाराला विचारतो, हे कशासाठी घडवलंस?

बरं, हे मापही सगळीकडे एकच नाही. कलम ४ खाली एखाद्या प्रदेशापुरती वेगळी अधिसूचना निघू शकते. दिल्लीत १९८० साली निघालेल्या अधिसूचनेत बटणानं उघडणारे आणि गरारीचे चाकू आले. गरारी म्हणजे उघडताना कटकट वाजणारे दाते, हिंदी सिनेमातल्या रामपुरीचे. तिथं पातं ७.६२ सेंटीमीटर लांब आणि १.७२ सेंटीमीटर रुंद असलं तरी पुरतं. ७.६२ म्हणजे बरोबर ३ इंच.

सगळ्यात अवघड जागा कोयत्याची. बीडकडून ऊसतोडीला निघालेल्या ट्रकमध्ये तो संसाराच्या सामानातच असतो; मुकादम तर नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ धरून उचल देतो. फडात तो शेतीचं अवजार आहे, यात शंका नाही. तोच कोयता पुण्यात दुचाकीवरून हवेत नाचवला, तर ‘शेतीसाठी घडवलेला’ ही सबब पोलिसांपुढे कितपत टिकेल?

टिकली, तरी वाट मोकळी होत नाही, कारण पुढे कलम ३७(१) उभं असतं. सण, मोर्चे, निवडणुका आल्या की पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी शांततेसाठी मनाई आदेश काढतात, पुष्कळदा पंधरवड्याच्या मुदतीनं. त्यात सुरे येतात, काठ्या-लाठ्याही येतात. गंमत पाहा: हत्यार कायद्याच्या व्याख्येत ‘हे शस्त्र नव्हे’ म्हणून लाठीचं नाव घेऊन उदाहरण दिलंय, आणि या कलमात तीच लाठी नावानिशी मनाईच्या यादीत. अशक्त माणसाला आधाराची काठी बाळगू देण्याची सवलत आदेशांत सहसा असते, नाहीतर आजोबांना फिरायला जाणं मुश्किल झालं असतं. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे काल निर्धास्त नेलेली वस्तू आज गुन्ह्याची ठरू शकते, वस्तूत तसूभर फरक न पडता.

महाराष्ट्र पोलीस कायद्याचंच कलम १२२ तर घड्याळाकडेही नाही, सूर्याकडे बघतं. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात, गुन्ह्याच्या हेतूनं घातक हत्यार घेऊन कोणी सापडला तर तेवढ्यावरही कारवाई होते.

कृपाणाचं स्थान निराळं. ते धारण करणं हा शीख धर्माचरणाचा भाग आहे, असं राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणातच लिहिलंय. देशांतर्गत विमानात शीख प्रवाशाला ६ इंचांपर्यंत पात्याचं, एकूण ९ इंचांचं कृपाण नेता येतं. बाकीच्यांनी सुरी चेक-इनच्या बॅगेत टाकावी.

राहिला रोजचा प्रश्न. नवी सुरी घेतली तर ती खोक्यातच, बिलासकट घरी आणावी. आचाऱ्यानं आपल्या सुऱ्या नीट गुंडाळून, कामाच्या इतर सामानासोबत न्याव्यात. आणि कोणी हटकलंच तर ‘स्वसंरक्षणासाठी जवळ ठेवलीय’ हे उत्तर, कितीही साळसूद वाटलं तरी, सगळ्यात वाईट. हत्यार कायद्याच्या व्याख्येत हल्ल्यासाठी आणि बचावासाठी केलेल्या वस्तू एकाच ओळीत आहेत. कांदा चिरायची सुरी बचावासाठी खिशात घातली, असं सांगणारा माणूस तिची घरगुती सूट आपल्याच तोंडानं सोडून देत असतो.