स्टेपनीच पंक्चर निघाली तर?

सुरुवातीलाच सांगून टाकतो. हा लेख फुटबॉलवर आहे, पण मेस्सी-रोनाल्डोच्या फुटबॉलवर नाही. अमेरिकन लोक ज्याला फुटबॉल म्हणतात त्यात चेंडू अंडाकृती, तो बहुतेक वेळ हातात, आणि अंगावर पॅड चढवलेले धिप्पाड गडी एकमेकांवर आदळत असतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला ही नुसती मारामारी वाटते. पण आपल्यासारख्या इंजिनिअरिंगवाल्यांसाठी त्यात एक झकास प्रश्न दडलेला आहे. मेन पार्ट गेला, स्पेअर बसवला आणि स्पेअरही धड चालेना, तर तो कधी बदलायचा?

आधी खेळ थोडक्यात. मैदान १०० यार्डांचं. आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे जायचं असतं. गेले की आणखी चार प्रयत्न, नाही गेले की चेंडू समोरच्याकडे. शेवटची रेषा ओलांडली की टचडाउन, म्हणजे ६ गुण. या सगळ्याचं डोकं म्हणजे क्वार्टरबॅक. कोचचा निरोप त्याच्या हेल्मेटमधल्या स्पीकरवर येतो, तो बाकी दहा जणांना डाव सांगतो, चेंडू हातात आला की साधारण अडीच-तीन सेकंदांत कुणाकडे फेकायचा ते ठरवतो. फेकलेला चेंडू समोरच्याने मधेच झेलला तर ते इंटरसेप्शन. म्हणजे आपल्या हातातलं ताट दुसऱ्याने ओढून नेल्यासारखं!

आता खरी केस. संघ क्लीव्हलंड ब्राउन्स, साल २०२३. हा संघ १९९९ मध्ये नव्याने उभा राहिला. तेव्हापासून २०२२ पर्यंत तो प्लेऑफमध्ये फक्त दोनदा पोचला होता, २००२ आणि २०२० च्या हंगामांत. डेशॉन वॉटसन या क्वार्टरबॅकसाठी त्यांनी २०२२ मध्ये पहिल्या फेरीचे तीन ड्राफ्ट पिक दिले आणि वर २३ कोटी डॉलरचा, पै न् पै हमीचा करार केला. २०२३ मध्ये त्यांचा बचाव तर लीगमध्ये एक नंबर होता. मायल्स गॅरेटला त्या वर्षीचा सर्वोत्तम बचावपटू हा किताब मिळाला. मात्र आक्रमणाची पार वाट लागली होती. हुकमी धावपटू निक चब दुसऱ्याच सामन्यात गुडघा दुखावून बाहेर गेला, दोन्ही टोकांचे टॅकल जायबंदी झाले आणि नोव्हेंबरमध्ये वॉटसनच्या खांद्याचं हाड मोडून त्याचाही हंगाम संपला.

हाताशी दोन राखीव होते. एक डोरियन थॉम्पसन-रॉबिन्सन, त्याच वर्षी कॉलेजातून आलेला. दुसरा पी. जे. वॉकर. पोरं मेहनती होती. वॉकरच्या हाताखाली संघाने तगड्या फोर्टीनाइनर्सला १९-१७ ने हरवलं, तर थॉम्पसन-रॉबिन्सनने स्टीलर्सविरुद्ध शेवटच्या मिनिटांत संघ पुढे नेऊन १३-१० असा विजय काढला. पण आकडे बघा. दोघांनी मिळून २२० च्या आसपास चेंडू फेकले. टचडाउन २, इंटरसेप्शन ९!

अशा वेळी कट्ट्यावर नेहमीचा वाद रंगतो. एक बाजू म्हणते, "अरे जिंकतोय ना? ७ विजय, ४ पराभव. मग कशाला हात लावायचा? नवीन पोराला सामने मिळाले तरच तो शिकेल." मुद्दा अगदीच फालतू नाही. राखीव गड्याला आठवडाभराच्या सरावात मेन टीमबरोबर फार कमी संधी मिळते, त्यामुळे पहिल्या दोन सामन्यांवरून त्याला निकालात काढणं अन्यायाचंच. शिवाय दर आठवड्याला माणूस बदलला तर झेलणाऱ्यांचा आणि त्याचा टायमिंग कधी जुळणारच नाही.

तरीपण माझं मत दुसऱ्या बाजूला आहे. सामने जिंकत होता तो बचाव. आक्रमण त्याच्या जिवावर पास होत होतं, ग्रुप प्रोजेक्टमध्ये एकाने काम करावं आणि चौघांनी सह्या कराव्यात तसं. क्वार्टरबॅक लांब फेकू शकत नाही हे एकदा कळलं, की समोरचा संघ आपली माणसं पुढे आणून गर्दी करतो. मग धावायलाही जागा उरत नाही. म्हणजे एका पार्टच्या मर्यादेमुळे अख्खी सिस्टीम जाम!

ब्राउन्सने २० नोव्हेंबरला ३८ वर्षांच्या जो फ्लॅकोला बोलावलं. २०१३ च्या सुपर बोलमध्ये बॉल्टिमोरकडून सर्वोत्तम खेळाडू ठरलेला हा माणूस त्या हंगामात तोवर घरी बसून होता. पळण्यात शून्य, पण हात तोफेसारखा. टॅकल अजूनही जायबंदीच होते, धावपटूही तेच. बदलला तो एकच पार्ट. पहिला सामना रॅम्सविरुद्ध, ३६-१९ असा हरले. पुढचे चार सलग जिंकले. पाच सामन्यांत १,६१६ यार्ड आणि १३ टचडाउन. ह्यूस्टनविरुद्ध अमारी कूपरने एकट्याने २६५ यार्ड कमावले, तो संघाचा विक्रम ठरला. ११ विजय, ६ पराभव आणि प्लेऑफचं तिकीट!

आता गंमत बघा. फ्लॅकोनेही २०० च्या आसपास चेंडू फेकले आणि त्याची इंटरसेप्शन होती ८. म्हणजे चुका जवळपास तेवढ्याच. फरक एवढाच, की त्याच चुकांच्या किमतीत २ ऐवजी १३ टचडाउन मिळाले. राखीव निवडताना "हा किती चुकतो?" एवढंच विचारून भागत नाही. चुकांच्या बदल्यात पदरात काय पडतं, तेही मोजावं लागतं.

अर्थात फ्लॅको म्हणजे जादूची कांडी नव्हे. प्लेऑफमध्ये ह्यूस्टननेच ४५-१४ असा धुव्वा उडवला. त्यात फ्लॅकोची दोन इंटरसेप्शन लागोपाठच्या डावांत थेट टचडाउनमध्ये गेली. जास्त जोखमीचं डिझाइन कधीतरी असं फुटतंच. पण तिथवर पोचवलं कुणी, हेही विसरून चालणार नाही. पुढच्या वर्षी संघाने फ्लॅकोला ठेवलं नाही, पुन्हा वॉटसनवरच भिस्त ठेवली. २०२४ चा निकाल : ३ विजय, १४ पराभव. त्याला दुखापतींसारखी इतरही कारणं होतीच. पण खर्च झालेले पैसे परत येत नाहीत, म्हणून त्याच पार्टला चिकटून राहणं हा हिशेब कुठल्याही वर्कशॉपमध्ये चुकीचाच ठरतो.

तर स्पेअर बदलण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात असं मला वाटतं. एक, दोष खरंच त्याच पार्टात आहे का? दोन, त्याला पुरेशी संधी मिळाली का? आणि तीन, नवा पार्ट उरलेल्या सिस्टीमला जुळतो का? तिन्हींचं उत्तर "हो" आलं की मग "बघू पुढच्या आठवड्यात" म्हणायचं नाही. पाना घ्यायचा आणि बदलून टाकायचा.

गॅदरिंगच्या क्रिकेट टीमचे कॅप्टन हे वाचत असतील तर त्यांनीही विचार करायला हरकत नाही!