ठराव कुणाच्या खिशात?

मोठ्या कंपन्यांच्या मनमानीला कंटाळलेल्यांना हल्ली ‘विकेंद्रित’ समाजमाध्यमांची शिफारस होते. त्यांच्याविषयीच्या काही समजुती सहकारी निवडणुका जवळून पाहिलेल्या कोल्हापूरकराला तरी पटायला नकोत. पण पटतात, आणि त्याला कारणेही आहेत.

“मालकच नाही, मग सेन्सॉर करणार कोण?”

या समजाच्या मुळाशी खरा अनुभव आहे. २०१९च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद झाले आणि अनेक भारतीयांनी मास्टोडॉनवर बिऱ्हाड हलवले. पण मास्टोडॉन म्हणजे असंख्य स्वतंत्र सर्व्हर, आणि प्रत्येकाला चालक आहे. तो एखादे खातेच काय, दुसरा अख्खा सर्व्हर तोडू शकतो. त्याच वर्षी अतिउजव्यांचे ‘गॅब’ या प्रणालीवर आले, तेव्हा कित्येक चालकांनी त्याच्याशी संबंध तोडले. ते योग्यच होते, असे कुणी म्हणेल. म्हणो. कात्री मात्र होती, आणि आहे. ती एकाऐवजी अनेकांच्या हाती आहे, इतकेच. न पटल्यास दुसऱ्या सर्व्हरवर जाता येते, हा फायदाही खरा.

“मतदान आहे, म्हणजे लोकशाही आहे.”

हा सर्वांत चिवट समज, कारण ‘मत’ शब्द ऐकला की माणूस निर्धास्त होतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टीम’ या ब्लॉकचेनवरच्या समाजमाध्यमात नेमके उलटे होते: गुंतवलेले टोकन जितके जास्त, तितके मताचे वजन जास्त. त्यातही एका खात्याला तीस ‘विटनेस’ निवडता येत, म्हणजे कारभारी. आणि प्रत्येक मताला पूर्ण वजन. प्रमुख कारभारी वीसच. म्हणजे वजनदार आसामी एकटी अख्खे पॅनेल निवडून आणू शके.

तसे घडलेही. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘ट्रॉन’ या दुसऱ्या ब्लॉकचेनचे जस्टिन सन यांनी स्टीममागची ‘स्टीमिट’ कंपनी विकत घेतली. तिच्याकडच्या टोकनच्या प्रचंड साठ्याच्या धास्तीने विद्यमान विटनेसनी तो गोठवला. ही त्यांचीही दांडगाईच. २ मार्चला बायनान्स, हुओबी आणि पोलोनिएक्स या क्रिप्टो-एक्स्चेंजांनी ग्राहकांच्या ठेवीतले टोकन सन यांच्या बाजूने मतदानाला लावले आणि वीसच्या वीस विटनेस बदलले. ज्यांचे टोकन, त्यांना विचारलेसुद्धा नाही. कोल्हापूरच्या ‘गोकुळ’ दूध संघाच्या निवडणुकीतही मत दूध घालणारा देत नाही, त्याच्या दूध संस्थेने ज्याच्या नावे ठराव केला तो देतो. पण तिथे निदान ठराव तरी करावा लागतो! पुढे ओरड झाल्यावर बायनान्स आणि हुओबी यांनी मते मागे घेतली. २० मार्चला नाराजांनी ‘हाइव्ह’ ही वेगळी चूल मांडली; मे महिन्यात स्टीमवर ६४ खात्यांतले सुमारे २ कोटी ३६ लाख टोकन काढून घेण्यात आले.

“ब्लॉकचेनवर लिहिलेले पुसता येत नाही, मग दडपणार कसे?”

पहिला अर्धा भाग खरा आहे, म्हणूनच दुसरा पटतो. मजकूर साखळीत राहतो. पण स्टीमवर लेखकाची कमाई मतांवर ठरते; वजनदार खात्याने उलटे मत दिले की ती शून्यावर येऊ शकते, पत घसरते आणि लेख पडद्याआड जातो. वाङ्मयचोरी आणि बनावट खाती आवरायला हे साधन हवेच. तेच एखाद्याच्या वैयक्तिक सुडालाही चालते. मजकूर जागेवर असतो, वाचक नसतो; जुन्या ग्रंथालयात कपाटाला कुलूप घालून पुस्तक ‘उपलब्ध’ ठेवतात, तसा प्रकार.

“सरकारने बंद केले तरी हे चालूच राहते.”

सर्व्हर राहील. ७ जून २०२३ रोजी आक्षेपार्ह स्टेटसवरून कोल्हापूर पेटले, छत्रपती शिवाजी महाराज चौकात जमलेल्या गर्दीवर लाठीमार झाला आणि इंटरनेट सेवा बंद करण्यात आली. अशा वेळी नोंद परदेशातल्या शंभर संगणकांवर सुखरूप असते; चौकातल्या माणसाच्या हातातला मोबाइल मात्र फक्त वेळ दाखवतो.