पडद्यांशी भांडणारी गिटार

तुम्ही कधी पेटीवर मींड घ्यायचा प्रयत्न केलाय? जमत नाही. ‘सा’ची पट्टी दाबली की ‘सा’ आणि ‘रे’ची दाबली की ‘रे’. या दोघांच्या मधल्या वाटेवरून घरंगळत जायची सोय पेटीत नाही. या आणि अशाच कारणांसाठी आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीवर बंदी घातली होती.

गिटारचं दुखणंही थोडंफार हेच आहे. तिच्या लांब दांडीवर धातूच्या आडव्या पट्ट्या बसवलेल्या असतात. गिटारवाले त्यांना फ्रेट म्हणतात, आपल्या सतारीच्या भाषेत पडदे. सतारीवर तार बाजूला ओढून एकाच पडद्यावरून चार-पाच सुरांपर्यंत जाता येतं. गिटारवर तार ओढली तरी एक-दीड सुरापुढे बोट कुरकुरायला लागतं.

जॉन मॅकलॉफलिन हा ब्रिटिश गिटारवादक गेली ५० हून अधिक वर्षं या पडद्यांशी भांडतोय. (वयाने तो आपल्या आजोबांइतका आहे, पण चाहते त्याला एकेरीतच हाक मारतात, सचिनला मारतात तशी.) जन्म ४ जानेवारी १९४२ चा, इंग्लंडमधल्या डॉनकास्टरचा. आई व्हायोलिन वाजवायची. याच्या हाती ११ व्या वर्षी गिटार आली.

आमच्या तात्यापाऱ्यात त्याचे चाहते मोजून पाच. एक काका, ज्यांनी अजून कॅसेटी जपून ठेवल्यात. इंजिनिअरिंगची दोन मुलं, ज्यांना आधी अॅम्प्लिफायर कोणता ते सांगावं लागतं, मग गाणं. तबला शिकणारी एक मैत्रीण. आणि मी. चहाच्या टपरीवर आमचं भांडण ठरलेलं असतं: त्याचा खरा आवाज कोणता? काका म्हणतात, १९७१ ते ७३ चा, बाकी सगळा उतार. मैत्रीण म्हणते, तो जमिनीवर मांडी घालून बसला तेव्हाचा. मुलं दर आठवड्याला मत बदलतात. माझं म्हणणं असं की प्रश्नच चुकीचा आहे. त्याचा आवाज शेजारी कोण बसलंय यावर ठरत आलाय, आणि शेजार बदलला की त्याने गिटारसुद्धा बदलली आहे.

आधी आवाज वाढला

१९६९ मध्ये तो लंडनहून अमेरिकेत गेला आणि काही दिवसांतच माइल्स डेव्हिस या ट्रम्पेटवादकाच्या ‘इन अ सायलेंट वे’च्या रेकॉर्डिंगला बसला. जॅझच्या दुनियेत हे म्हणजे मुंबईत पाऊल ठेवताच थेट लतादीदींच्या गाण्यात वाजवायला मिळणं. माइल्सने त्याला सांगितलं की गिटार येतच नसल्यासारखी वाजव. हा किस्सा मॅकलॉफलिन स्वतः सांगत आलाय. पुढच्या ‘बिचेस ब्रू’मध्ये तर माइल्सने एका तुकड्याला थेट ‘जॉन मॅकलॉफलिन’ असंच नाव देऊन टाकलं. गंमत म्हणजे त्या तुकड्यात माइल्स स्वतः वाजवतच नाही.

१९७१ मध्ये त्याने स्वतःचा बँड काढला, ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’. महाविष्णू हे नाव त्याला त्याचे गुरू श्री चिन्मय यांनी दिलेलं. प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकणारे या बँडला आपला म्हणतात, जॅझवाले आपला. तो वाद त्यांनाच लखलाभ. तुमच्या-माझ्या कानाला कळतं ते एवढंच की रॉकचा दणका आहे, पण ठेका साधा चारचा नाही. ‘बर्ड्स ऑफ फायर’ १८ च्या हिशेबात चालतं. झपतालाच्या १० मात्रा किंवा रूपकच्या ७ मात्रा ज्यांच्या कानात बसल्यात, त्यांना ते ऐकताना रॉकवाल्यांपेक्षा कमी घाम फुटतो, हा आमचा टपरीवरचा अनुभव.

गिटार होती दोन दांड्यांची गिब्सन. वरच्या दांडीला १२ तारा, खालच्या दांडीला ६. बारा तारांवर झुळझुळणारी सुरावट वाजवायची आणि एकट्याची झेप घ्यायची वेळ आली की हात खालच्या दांडीवर. सोबत १०० वॉटचा मार्शल अॅम्प्लिफायर, तोही पेलवेल त्यापेक्षा जास्त जोर देऊन. अॅम्प्लिफायरला असा जोर दिला की आवाज खरखरतो, फाटतो, त्यालाच डिस्टॉर्शन म्हणतात. घरातली मोठी माणसं त्याला ‘धांगडधिंगा’ म्हणतात. पण नीट ऐका. त्या फाटलेल्या आवाजात सूर लवकर मरत नाही. साधी गिटार छेडली की सूर क्षणात विरतो, इथे तो लांबत राहतो. आपल्याकडे याला सुंदर शब्द आहे, आस. बिली कोबमच्या ड्रम्सच्या गडगडाटात टिकायला आणि जेरी गुडमनच्या व्हायोलिनसमोर उभं राहायला त्याला ही आस हवी होती, कारण व्हायोलिनला गज असतो, त्याचा सूर हवा तेवढा लांबतो.

तो बँड १९७३ च्या शेवटी मोडला. त्याच नावाने नवी माणसं घेऊन १९७४ मध्ये ‘अपोकॅलिप्स’ आला, लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रासोबत, निर्माता बीटल्सवाला जॉर्ज मार्टिन. मला तो जरा जड वाटतो. काका माझ्याशी यावरून अबोला धरतात.

मग लाकूड कोरलं

आता इथे खरी गोष्ट सुरू होते. प्रसिद्धीच्या शिखरावर असलेला हा माणूस अॅम्प्लिफायर बंद करतो आणि माहीमच्या झाकीर हुसेन यांच्याशेजारी जमिनीवर बसतो. व्हायोलिनवर एल. शंकर, घटमवर विक्कू विनायकराम. बँडचं नाव ‘शक्ती’. पहिली रेकॉर्ड १९७५ च्या एका मैफिलीची, बाजारात आली १९७६ मध्ये. याआधी तो अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात वीणा शिकला होता. वीणेचे पडदे मेणात उंच बसवलेले असतात, तार दाबायला आणि ओढायला खाली मोकळी जागा मिळते. ती जागा गिटारवर कुठून आणायची?

गिब्सनमधल्या एब वेक्टर या कारागिराने त्याच्यासाठी वेगळी अकूस्टिक गिटार बनवली. दोन फ्रेटच्या मधलं लाकूड कोरून वाटीसारखं खोलगट केलं. बोटाला लाकूड लागत नाही, तार खाली दाबता येते, बाजूला जास्त ओढता येते, आणि सूर वळतो. शिवाय मुख्य तारांच्या खालून तिरक्या ७ तारा ताणलेल्या, आपल्या सतारीच्या तरफांसारख्या. मधूनच तो त्यांच्यावरून हात फिरवतो आणि स्वरमंडल छेडल्यासारखा झंकार उठतो.

हे वाचून तुमच्या घरातल्या गिटार शिकणाऱ्या मुलाने कानस हातात घेतली तर ती काढून घ्या. कोरलेल्या दांडीवर बोट जरा जास्त दाबलं गेलं तरी सूर चढतो आणि सगळं बेसूर होतं. हात हलका असल्याशिवाय ही गिटार वाजत नाही.

या गिटारने मींड दिली, पण आस काढून घेतली. अॅम्प्लिफायरविना सूर लवकर विरतो. ‘शक्ती’तला त्याचा प्रचंड वेग मला त्यामुळेच कळतो. सूर लांबवता येत नाही, मग तबल्याच्या बोलांसारखे सुटे सुटे सूर भराभर पेरायचे. झाकीरभाईंशी त्याची सवाल-जवाबाची जुगलबंदी ऐकताना गिटार हे तालवाद्य आहे की काय असा संशय येतो. मैत्रिणीचं मत इथे मला पूर्ण मान्य आहे.

१९८० च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत पाको दे लुसिया आणि अल दि मेओला यांच्यासोबत त्याने वाजवलेली शुक्रवारची रात्र तर गिटारवाल्यांच्या घरोघरी पोचली. पाको बोटांनी वाजवतो, हा नखीने. एवढा फरक लक्षात ठेवून इअरफोन लावून ऐका, डावं-उजवं आपोआप कळायला लागेल.

शोभाताईंचा मुलगा

माझ्या आजीला गिटार म्हणजे सिनेमातल्या पार्टीचं वाद्य वाटतं. तिला या लेखात ओढून आणलं ते शोभा गुर्टू यांनी. बेळगावात जन्मलेल्या, ठुमरी-दादऱ्याच्या त्या राणीचा मुलगा त्रिलोक गुर्टू. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तो मॅकलॉफलिनच्या त्रिकुटात आला. तिसरा बासवादक, काय एकहार्ट. १९८९ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये झालेल्या त्यांच्या मैफिलीची रेकॉर्ड आहे. त्रिलोक जमिनीलगत बसून ड्रम्स आणि तबला दोन्ही वाजवतो, शेजारी पाण्याची बादली असते, त्यात घंटा बुडवून काढली की तिचा सूर खाली घसरतो. म्हणजे बघा, मींड बादलीतून! आजीने ते मोबाईलवर पाहिलं आणि “शोभाताईंचा मुलगा आहे, सूर सोडणार कसा” म्हणाली. त्रिलोकच्या स्वतःच्या ‘उस्फ्रेट’ या अल्बममध्ये तर शोभाताई स्वतः गायल्या आहेत. पुढच्या काळात मॅकलॉफलिनच्या ‘फोर्थ डायमेन्शन’ बँडमध्ये ड्रम्सवर आला मुंबईचाच रणजित बारोट, कथकच्या सितारादेवींचा मुलगा.

त्याच १९८० च्या दशकात त्याने गिटारला कॉम्प्युटर जोडायला सुरुवात केली होती. सिंक्लाव्हियर नावाच्या महागड्या यंत्राला गिटार लावली की तार छेडल्यावर बासरी वाजेल, नाहीतर व्हायोलिन. आस हवी तेवढी. खरं सांगायचं तर त्या वर्षांतले आवाज आज प्लास्टिकच्या फुलांसारखे वाटतात आणि मी ते फारसे लावत नाही. पण तोच प्रयोग पुढे कुठे पोचला हे पाहायला मुंबईत यावं लागतं.

मुंबईची शनिवार रात्र

‘रिमेम्बर शक्ती’ या नावाने जुना बँड १९९७ मध्ये पुन्हा उभा राहिला. त्याची ‘सॅटर्डे नाइट इन बॉम्बे’ ही २००१ ची रेकॉर्ड तुम्ही एकदा घरात सगळ्यांसोबत ऐका. मोबाईलच्या स्पीकरवर नको, डग्गा ऐकूच येणार नाही. यात जमलेली मंडळी पाहिली की मला पुन्हा पडदेच दिसतात. यू. श्रीनिवास मँडोलिनवर कर्नाटक संगीत वाजवतात, आणि मँडोलिनचे पडदे तर गिटारपेक्षाही दाटीचे. शिवकुमार शर्मांचं संतूर, ज्यात तार ओढायची सोयच नाही. उलट देबाशिष भट्टाचार्य गिटारच आडवी मांडीवर घेतात आणि तारेवर धातूची कांडी सरकवतात, म्हणजे पडद्यांचा प्रश्नच मिटला! सगळे एकाच दुखण्याचे रुग्ण, प्रत्येकाचं औषध वेगळं. ‘शृंगार’ हा तुकडा २५ मिनिटांहून लांब आहे. शारदा चौकाकडून तात्यापाऱ्याकडे संध्याकाळी ऑटोने या, आरामात पूर्ण होतो.

याच रेकॉर्डमध्ये ‘गिरिराज सुधा’ गातात शंकर महादेवन. लहानपणी वीणा शिकलेले, मराठी घराघरात पोचलेल्या श्रीनिवास खळे यांचे शिष्य. खळेकाकांची चाल म्हणजे एकेका जागेवर रेंगाळणारी, सुराच्या कडा मऊ करणारी. अशा गळ्याशेजारी गिटारने काय करायचं? भरभर सूर पेरले तर गाणं तुटतं. २०२० च्या ‘इज दॅट सो?’मध्ये मॅकलॉफलिन, महादेवन आणि झाकीरभाई आहेत, आणि इथे गिटार जवळजवळ दिसेनाशी झालीय. कॉम्प्युटर जोडलेल्या त्याच तारांतून संथ, लांबच लांब सुरांचे थर उठतात, आणि त्यांच्यावर आलाप चालतो. खालचे स्वरसमूह बदलले की वरचा तोच ‘ग’ वेगळा वाटायला लागतो. रागाची शिस्त मानणाऱ्यांना हे खटकतं. आपल्या संगीतात तानपुरा बदलत नाही, जमीन स्थिर असते. इथे जमीन हलते. मलाही पहिल्यांदा गरगरलं. तिसऱ्यांदा ऐकताना कळलं की गाणारा जागचा हललेला नाही.

दरम्यान हाताने दगा दिला होता. संधिवातामुळे २०१७ मध्ये त्याने अमेरिकेतला निरोपाचा दौरा केला, जिमी हेरिंगच्या बँडसोबत, महाविष्णूच्या काळातली गाणी घेऊन. काकांनी त्याचे व्हिडिओ पाहून चहा सोडला होता दोन दिवस. पण तो परत आला. २०२३ मध्ये ‘शक्ती’चा ‘धिस मोमेंट’ आला, ४५ हून अधिक वर्षांनंतरचा त्यांचा पहिला स्टुडिओ अल्बम. सोबत महादेवन, झाकीरभाई, व्ही. सेल्वागणेश आणि व्हायोलिनवर गणेश राजगोपालन. सेल्वागणेश हा घटमवाल्या विक्कूंचा मुलगा. फेब्रुवारी २०२४ मध्ये अल्बमला ग्रॅमी मिळालं. त्याच वर्षी १५ डिसेंबरला झाकीरभाई गेले. त्या रात्री आमच्या पाच जणांच्या ग्रुपवर कुणीच काही लिहिलं नाही, फक्त मैत्रिणीने १९७६ च्या रेकॉर्डमधला एक तुकडा टाकला.

त्या शेवटच्या दौऱ्याचे व्हिडिओ शोधा. ८० पार केलेला मॅकलॉफलिन आता खुर्चीवर बसलाय, हातात पीआरएसची इलेक्ट्रिक गिटार. लाकूड कोरलेलं नाही, तरफा नाहीत. पण उजव्या हाताकडे नजर ठेवा. तिथे एक बारीक धातूचा दांडा आहे, व्हॅमी बार. रॉकवाले तो हिसकून गिटारला किंचाळायला लावतात. हा सूर छेडतो आणि दांडा हलकेच दाबतो, सोडतो. महादेवन एक जागा घेतात, लगेच गिटार तीच जागा घेते, पडदा जिथला तिथे आणि सूर मात्र त्याच्या आजूबाजूला.

काकांच्या मते ही चलाखी आहे. आजीला विचारलं, तर ती म्हणाली, आधी आवाज वाढव.