वृत्तपत्राचे पान आणि गाण्याचे व्यासपीठ : सिंगापूरच्या भाषास्थितीचा एक विचार

बहुभाषिक नगराची भाषास्थिती अभ्यासताना वृत्तपत्रे हे पहिले साधन मानले जाते. ती रोज निघतात आणि त्यांचा संग्रह राहतो. परंतु नगरातील सर्व बोलणे वृत्तपत्राच्या पानावर उमटते काय, हा प्रश्न विचारणे आवश्यक आहे. सिंगापूरचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

मलय, मँडरिन चिनी, तमिळ व इंग्रजी या तेथील चार अधिकृत भाषा होत. चारही भाषांत दैनिके निघतात. मात्र त्यांच्या पानांची घडण लिपीनुसार भिन्न होत गेली. १९३९ साली निघालेले ‘उतुसान मलायू’ अरबीवरून आलेल्या जावी लिपीत, म्हणजे उजवीकडून डावीकडे, छापले जाई; १९५७ चे ‘बरिता हारियान’ त्याच मलय भाषेत, परंतु रोमन लिपीत अवतरले.

चिनी पानाची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. १८८१ साली सुरू झालेल्या ‘लात पाउ’ या दैनिकाच्या ओळी उभ्या असत. चिनी लिपिचिन्ह हे उच्चारापेक्षा शब्दाशी अधिक निगडित असते. त्यामुळे होक्कियन, तेओच्यू वा कॅन्टनीज बोलणारा वाचक तोच मजकूर आपापल्या उच्चाराने वाचू शके. पान एक, वाचा अनेक, अशी ही स्थिती होती. साहजिकच बोलींमधील भेद पानावर झाकला गेला.

१९७९ मध्ये मँडरिन बोलण्याची सरकारी मोहीम सुरू झाली आणि पुढे नभोवाणी व दूरचित्रवाणीवरील बोलीभाषांतील कार्यक्रम मागे पडले. तरीही चांद्र पंचांगाच्या सातव्या महिन्यात, पितरांच्या सणानिमित्त, उघड्यावर उभारलेल्या मंचावर ‘गेताई’ हा गाण्यांचा कार्यक्रम होतच राहिला. त्यातील गाणी व थट्टामस्करी बव्हंशी होक्कियनमध्ये चालते. पहिली रांग मृतात्म्यांसाठी रिकामी ठेवतात. ज्या बोलीला दैनिक नाही, तिला येथे व्यासपीठ लाभले.

याउलट, १९८० च्या दशकात विद्यार्थ्यांनी रचलेली मँडरिन गाणी ‘शिनयाओ’ म्हणून ओळखली गेली. हे नाव १९८२ मध्ये ‘नान्यांग सियांग पाउ’ या दैनिकाने भरवलेल्या चर्चासत्रातून रूढ झाले. २००२ मध्ये उघडलेल्या ‘एस्प्लनेड’ कलाकेंद्राचे ‘हुआयी’, ‘पेस्ता राया’ व ‘कला उत्सवम्’ हे महोत्सवही अनुक्रमे चिनी, मलय व भारतीय कलांचे आहेत. म्हणजे संस्थांनी भरवलेले महोत्सव दैनिकांच्याच विभागणीने चालतात. गेताई मात्र त्या विभागणीबाहेर राहते.

हा भेद केवळ कुतूहलाचा नव्हे. २०२० च्या जनगणनेत पाच वर्षांवरील रहिवाशांपैकी ४८.३ टक्क्यांनी घरातील प्रमुख भाषा म्हणून इंग्रजी, २९.९ टक्क्यांनी मँडरिन, ९.२ टक्क्यांनी मलय, ८.७ टक्क्यांनी चिनी बोली आणि २.५ टक्क्यांनी तमिळ नोंदवली. तमिळला १९३५ पासून ‘तमिळ मुरसु’ आहे. तिच्याहून अधिक घरांत बोलल्या जाणाऱ्या या बोलींना एकही दैनिक नाही. केवळ वृत्तपत्रांवरून काढलेल्या नकाशात हे भाषक दिसणारच नाहीत.

अर्थात गाण्याच्या साक्षीलाही मर्यादा आहे. पाठ केलेले गीत गाता येते, म्हणून ती बोली बोलता येते असे नव्हे. म्हणूनच पानाची साक्ष मंचावर आणि मंचाची साक्ष घरातील बोलण्यावर पडताळून पाहणे, हीच भाषास्थितीच्या अभ्यासाची सुरक्षित रीत होय.